जसे पाहिले तसे लिहिले

गेल्या दिवाळीत भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी आमच्या घरी फराळाला आली होती. शाळेत असताना भूगोलाच्या वहीत ती नकाशे फार सुबक काढीत असे. आज ती परगावी एका कचेरीत विमानांच्या नकाशांची माहिती तपासण्याचे काम करते. हातात करंजी घेऊन ती माझ्याबरोबर गच्चीवर आली, तेव्हा अंधार पडला होता. कोलशेतच्या आमच्या गच्चीवरून एका बाजूला येऊरचे डोंगर काळे दिसतात, दुसऱ्या बाजूला खाडी असते, आणि दूर दक्षिणेकडे मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचे दिवे एकामागून एक खाली सरकत असतात. त्या दिव्यांकडे पाहत मी तिला सहज विचारले, "काय ग, तुझ्या नकाशातला एखादा आकडा चुकला तर?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, कामावर असताना मी तो विचार करत नाही. घरी गेल्यावर करते."

ह्या उत्तराने वर्षभर माझा पिच्छा पुरवला आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विमानविद्येत मला गती आहे असा माझा मुळीच दावा नाही. परंतु आपल्या लिहिलेल्या शब्दावर दुसऱ्याने विश्वास ठेवावा आणि तो शब्द चुकीचा निघावा, हा प्रसंग मास्तराच्या जितका वाट्याला येतो तितका फार थोड्यांच्या येत असेल. शिवाय ह्या बाबतीत माझी स्वतःची एक जुनी थकबाकी आहे. तिच्याकडे मी शेवटी येणारच आहे. आधी नकाशाविषयी बोलू.

विमान ढगातून किंवा अंधारातून उतरू लागते तेव्हा वैमानिकाला जमीन दिसत नसते. त्याच्यासमोर एक नकाशा असतो. पूर्वी तो वीतभर कागदावर छापलेला असे. आता बहुधा काचेच्या पाटीवर उमटतो. त्याचे मुख्य भाग दोन. एकात वरून पाहावा तसा मुलूख काढलेला असतो: धावपट्टी, रेडिओचे स्तंभ, आसपासच्या टेकड्या आणि त्यांची उंची. दुसऱ्यात बाजूने पाहावा तसा उतरण्याचा मार्ग असतो: कुठे असताना किती उंचीवर असावे, आणि कोणत्या उंचीखाली, धावपट्टी डोळ्यांना दिसल्यावाचून, मुळीच उतरू नये. ही मूळ माहिती प्रत्येक देशाची सरकारी यंत्रणा प्रसिद्ध करते. आपल्याकडे ते काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. तिच्यावरून खाजगी कंपन्या नकाशे काढतात, आणि तीच माहिती विमानातल्या संगणकासाठी सांकेतिक भाषेत भरतात. कुठे नवी उंच इमारत उठते, कुठला स्तंभ बंद पडतो. म्हणून साऱ्या जगात दर २८ दिवसांनी, ठरलेल्या गुरुवारी, जुनी माहिती रद्द होऊन नवी लागू होते. कागदाच्या काळात वैमानिक जाडजूड फाइलींतली जुनी पाने काढून तिथे नवी पाने स्वतःच्या हाताने घालीत असत. फार कंटाळवाणे काम. पण एक पान घालायचे राहिले तर फाईल जाड दिसे तेवढीच, खरी राहत नसे.

ह्या धंद्याचा आरंभ मोठा साधा आहे. एलरे जेपसन नावाचा एक अमेरिकन वैमानिक १९३० च्या सुमारास टपालाची विमाने चालवीत असे. त्या काळी वैमानिकांना धड नकाशे नव्हते. जेपसनने दहा सेंटांची एक काळी वही विकत घेतली, आणि धावपट्ट्यांची लांबी, वाटेतल्या अडथळ्यांची उंची, हवा कशी आहे ते विचारण्यासाठी शेतकऱ्यांचे टेलिफोन क्रमांक, असे सारे तो तीत टिपू लागला. सोबती त्या वहीच्या नकला मागू लागले, आणि १९३४ पासून त्याने त्या विकायला आरंभ केला. ह्या वहीची मौज अशी की ज्याने स्वतः टेकडी पाहिली त्यानेच तिची उंची लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेकडीवरून जायचे होते तेही त्यालाच. चूक लिहिणारा आणि चूक भोगणारा एकच असेल तर फारसा नैतिक प्रश्न उरत नाही. पुढे धंदा वाढला. पाहणारा एक, लिहिणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि उडणारा चौथा झाला. माझा प्रश्न ह्या फाटाफुटीतून जन्मला आहे.

आपल्या मुलखातल्या काही घटना अशा आहेत की तिथे दोष माणसाच्या अंदाजाचा होता. १९६२ सालच्या जुलैत, ६ आणि ७ तारखांच्या मधल्या रात्री, बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालिया कंपनीचे विमान जुन्नरकडच्या डोंगरावर आदळले. आत ९४ माणसे होती. एकही वाचले नाही. चौकशीत निघाले ते असे की, आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला आणि तो वेळेआधीच, ठरलेल्या सुरक्षित उंचीच्या खाली उतरू लागला. मुलूख त्याच्या ओळखीचा नव्हता. जुन्नरच्या कुठल्याही शेतकऱ्याने अंधारातसुद्धा बोट दाखवून सांगितले असते की इकडे डोंगर आहे. पण त्याला कोण विचारणार! १९५३ च्या जुलैत बी. ओ. ए. सी. चे कॉमेट विमान सांताक्रूझऐवजी शेजारच्या जुहूच्या लहान धावपट्टीवर उतरले, आणि १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअर लाइन्सच्या विमानाने तीच चूक पुन्हा केली. मनाला जी धावपट्टी हवी होती ती डोळ्यांनी पाहिली. दोन्ही वेळा सुदैवाने कोणी दगावले नाही.

असल्या चुकांना आपल्यापाशी तयार उत्तर असते: माणूस आहे, चुकायचाच. परंतु ज्याच्या भरवशावर माणसाने आपल्या डोळ्यांना रजा दिली तो कागदच चुकला तर?

इथे पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की, कागद खोटे न बोलताही फसवू शकतो. १९६४ च्या नोव्हेंबरात, हिमवर्षावाच्या रात्री, बोनान्झा कंपनीचे एक विमान अमेरिकेतल्या लास व्हेगासला उतरताना टेकडीवर आपटले आणि २९ माणसे गेली. मृतांच्या वारसांना विम्याचे पैसे देणाऱ्या कंपनीने नकाशा काढणाऱ्या जेपसन कंपनीला कोर्टात खेचले. नकाशातले आकडे चुकलेले नव्हते. पण वरून काढलेले चित्र १५ मैलांचे होते आणि बाजूने काढलेले ३ मैलांचे. आणि दोन्ही एकाच प्रमाणात काढली आहेत असे पाहणाऱ्याला भासत होते. १९८१ साली वरच्या न्यायालयाने नकाशा सदोष होता असा निर्णय कायम केला. नकाशा हा नुसता मजकूर नाही, ती एक वस्तू आहे. शिडी विकणाऱ्याची पायरीबद्दल जशी जबाबदारी तशी नकाशा विकणाऱ्याची नकाशाबद्दल, असा त्या निकालाचा रोख मला दिसतो.

बोललेल्या शब्दाचेही असेच आहे. २४ जानेवारी १९६६ ला डॉ. होमी भाभा ज्या विमानात होते ते एअर इंडियाचे 'कांचनजंगा' माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ११७ माणसे मरण पावली. फ्रेंच चौकशीचे म्हणणे असे की, विमानातले एक दिशादर्शक यंत्र आधीच बिघडलेले होते. रडारवरच्या अधिकाऱ्याने विमान शिखरापासून कुठे आहे हे वैमानिकाला कळवले, पण शब्द पुरेसे नेमके नव्हते, आणि शिखर मागे पडले असा वैमानिकाचा समज झाला. सांगणाऱ्याने असत्य सांगितले नव्हते. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र असत्य उतरले. मी कादंबरीकार आहे. वाक्य खरे असणे आणि वाचणाऱ्याच्या मनात खरे उमटणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. माझ्या वाक्यामुळे कोणी डोंगरावर आदळत नाही, एवढाच काय तो फरक.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. आपल्याकडे जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखकू एक विनवणी करून ठेवीत असे. तिचा भाव असा की, मूळ पोथी जशी पाहिली तशी मी लिहिली. शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका. मला ही विनवणी लहानपणापासून फार गोड वाटत आली आहे. पाठ वाकली, मान मोडली, तेलाच्या दिव्यापाशी डोळे गेले, आणि त्या गरीब माणसाने मागितले काय, तर फक्त माफी. परंतु १९७३ च्या सप्टेंबरात अलास्कातल्या कोल्ड बे इथे वर्ल्ड एअरवेजचे मालवाहू विमान डोंगरावर आदळून सहा माणसे गेली, तेव्हा नेमकी हीच विनवणी अमेरिकन कोर्टापुढे आली. उतरण्याची पद्धत सरकारने ठरवलेली होती. दोष असलाच तर तो त्या पद्धतीत. आम्ही ती बरहुकूम उतरवून घेतली, असे नकाशा काढणारे म्हणाले. १९८५ साली वरच्या न्यायालयाने ते ऐकले नाही. दोष सरकारच्या मूळ माहितीतला असला तरी ती आपल्या नकाशावर छापून तुम्ही विकलीत, तेव्हा तिचे उत्तरदायित्व तुम्हालाही आले, असा निर्णय झाला.

हे वाचले तेव्हा मला त्या पोथीवाल्याची कणव आली, आणि लगेच एकनाथ महाराज आठवले. ज्ञानेश्वरीच्या नकलांत अशुद्धे शिरली आहेत हे पाहून नाथांनी शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध केली. समोरच्या प्रतीत होते तसेच त्यांनीही उतरवले असते तर त्यांना कोणी बोल लावला नसता. किंबहुना लोकमान्य टिळकांचा पंचांग-शोधनाचा आग्रह तरी दुसरे काय होता? पंचांगात एक आणि आकाशात दुसरेच दिसत असेल तर पंचांग दुरुस्त करावे. आकाशाला दोष देऊन चालत नाही. मूळ प्रतीशी प्रामाणिक राहणे हा एक धर्म आहे, आणि ती प्रत ज्या गोष्टीविषयी बोलते त्या गोष्टीशी प्रामाणिक राहणे हा दुसरा. माझी विद्यार्थिनी सांगत होती की, हल्ली माहिती एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना तिच्याबरोबर एक आकडा गुंफलेला असतो. वाटेत एक अक्षर जरी बदलले तरी तो आकडा जुळत नाही. मी म्हटले, मग चिंता मिटली! ती हसली. "सर, तो आकडा एवढेच सांगतो की नक्कल मुळाबरहुकूम आहे. मूळ बरोबर आहे की नाही ते त्याला कुठे ठाऊक?" म्हणजे यंत्रालाही पोथीवाल्याची विनवणीच येते.

तिसरी गोष्ट कोलंबियातली. २० डिसेंबर १९९५ च्या रात्री अमेरिकन एअरलाइन्सचे विमान काली शहराकडे उतरत होते. उतरण्याची वाट आयत्या वेळी बदलली, आणि वैमानिकांची धांदल उडाली. वाटेत रोझो नावाचा रेडिओ-स्तंभ होता. कागदी नकाशावर त्याची खूण 'आर' ह्या एका अक्षराची होती. वैमानिकांनी संगणकात 'आर' भरला. पण संगणकाच्या यादीत रोझो हा त्याच्या संपूर्ण नावाखाली होता. 'आर' म्हटल्यावर जो पहिला आला तो दूर बोगोटाजवळचा रोमिओ नावाचा स्तंभ. विमान अंधारात डावीकडे वळले. चूक ध्यानात यायला वेळ लागला, आणि तोवर ते दरीतून बाहेर पडून डोंगराच्या दिशेने गेले होते. १६३ माणसांपैकी चार वाचली. २००० साली मायामीच्या ज्यूरीने दोषाचे वाटे केले: विमान कंपनी ७५ टक्के, नकाशे आणि माहिती पुरवणारी जेपसन १७ टक्के, संगणक बनवणारी हनीवेल ८ टक्के.

हे टक्के वाचून मी बराच वेळ विचारात पडलो. नुकसानभरपाईचे वाटे होणार हे कळते. रुपये आहेत, ते वाटता येतात. पण आठ टक्के दोषी माणसाला रात्री आठ टक्के कमी झोप लागते काय? की त्याला ती पुरी लागते, कारण उरलेले ब्याण्णव टक्के दुसऱ्यांचे आहेत? मला भीती ही दुसऱ्या शक्यतेची वाटते. साखळी लांबली की प्रत्येक कडीला आपण फारच लहान आहोत असे वाटू लागते.

आता शेवटची गोष्ट, आणि मला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी. न्यूझीलंडहून अंटार्क्टिका पाहायला प्रवाशांना घेऊन विमाने जात असत. मार्गाची माहिती संगणकात भरताना कोणाच्या तरी हातून १६६ अंश ४८ मिनिटे ह्या रेखांशाऐवजी १६४ अंश ४८ मिनिटे असे टंकले गेले. ह्या चुकीने काय झाले? मार्ग एरेबस नावाच्या ज्वालामुखी पर्वतावरून जायचा तो बाजूच्या सपाट, गोठलेल्या सामुद्रधुनीवरून जाऊ लागला. चूक १४ महिने तशीच राहिली. वैमानिकांना माहितीही त्याच मार्गाची दिली गेली. २८ नोव्हेंबर १९७९ च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री कप्तान कॉलिन्स घरी ॲटलास उघडून तोच मार्ग आखीत बसले होते. आणि त्याच रात्री कचेरीत कोणी ती चूक दुरुस्त केली. शेवटचे ठिकाण २७ सागरी मैल पूर्वेला सरकले. वैमानिकांना कोणी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या ढगाखाली पांढरे हिम, मध्ये पांढरा डोंगर; २५७ माणसे गेली. पहिल्या सरकारी अहवालाने वैमानिकाला दोष दिला, कारण तो ठरल्या उंचीखाली उतरला होता. १९८१ साली न्यायमूर्ती माहन यांच्या आयोगाने मुख्य दोष, न सांगता केलेल्या त्या बदलावर ठेवला. देशाच्या पंतप्रधानांनी सरकारतर्फे मृतांच्या आप्तांची माफी मागितली ती २०१९ साली, चाळीस वर्षांनी.

वाचकहो, ह्यातली विपरीत गोष्ट पाहा. चूक होती तोवर विमाने सुखरूप आली. बरोबर केले त्या दिवशी घात झाला. चूक सुधारणे ह्यालाच आपण प्रामाणिकपणा म्हणतो. पण ज्याने चुकीवर विसंबून पाऊल उचलले आहे त्याला न सांगता ती सुधारणे, म्हणजे शिडीवर चढलेल्या माणसाखालून मोडकी शिडी काढून घेऊन तिथून दोन हातांवर चांगली शिडी उभी करणे होय.

आता माझी थकबाकी. वीसएक वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तिथल्या चौथीच्या पाच मुलांना शिष्यवृत्ती परीक्षेला बसवले होते. परीक्षेचे केंद्र परिपत्रकात पाहून मी फळ्यावर लिहिले, आणि मुलांनी वहीत उतरवून घेतले. आठवडाभराने दुरुस्तीचे एक चिटोरे आले: केंद्र बदलले होते. मी ते वाचले, उद्या फळ्यावर लिहू असे म्हणून टेबलाच्या खणात ठेवले. त्या दिवसांत माझ्या पहिल्या कादंबरीची मुद्रिते तपासायची होती. एकेक वेलांटी, एकेक अनुस्वार मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. चिटोरे खणातच राहिले.

चार मुलांच्या आईबापांना इकडून तिकडून कळले. पाचवा मुलगा खालच्या गावातला. बाप रेतीच्या होडीवर कामाला. तो बापाबरोबर मी लिहिलेल्या केंद्रावर गेला. तिथून रिक्षाने खऱ्या केंद्रावर पोहोचेपर्यंत पहिला पेपर संपला होता. मुलगा हुशार होता. शिष्यवृत्ती त्याला मिळालीच असती असे मी म्हणत नाही. पण तिने त्याच्या बापाच्या मनात पोराच्या शिक्षणाविषयी जो भरवसा धरला असता तो धरला गेला नाही, आणि सातवीनंतर त्याची शाळा सुटली.

दुसऱ्या दिवशी बाप शाळेत आला. मी तयारीत होतो. मूळ परिपत्रक काढून मी त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, "हे बघा, मी ह्यात होते तसेच लिहिले होते." त्याला वाचता येत नव्हते. त्याने कागदाकडे पाहिलेही नाही. "सर, आमी कागद कुटं बगितला?" तो म्हणाला, "पोर म्हनला, सरांनी लिवलंय." आणि हात जोडून निघून गेला. रागावला असता तर मी वाद घातला असता.

मी खोटे बोललो होतो का? नाही. मूळ परिपत्रकाबरहुकूम लिहिले होते हे अक्षरशः खरे होते. लास व्हेगासच्या नकाशातल्या आकड्यांइतके खरे. हेतू वाईट होता का? मुळीच नाही. वर्षानुवर्षे मी स्वतःला हेच सांगून झोपवीत आलो. आता वाटते, मी एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला देत होतो. हेतू शुद्ध होता की नाही, हे मी माणूस वाईट आहे की नाही ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. मी त्या पोराचे काय देणे लागतो हा प्रश्न निराळाच आहे, आणि त्याला हेतूशी कर्तव्य नाही. चूक हे पाप नसेल. ते कर्ज तर आहे. नकळत काढलेले कर्जही फेडावे लागते.

ह्यावर कोणी म्हणेल, अशी कडक नजर ठेवली तर नकाशे काढायला कोण धजेल? फळ्यावर लिहायला कोण पुढे येईल? आक्षेप खरा आहे. माझी विद्यार्थिनी मरणाऱ्या माणसांचा विचार करीत आकडे भरू लागली तर तिचा हात कापेल आणि अधिक चुका होतील. ती म्हणाली ते योग्यच होते: कामाच्या वेळी काम. एकाने भरलेले दुसऱ्याने तपासायचे, आपले आपण तपासायचे नाही, असा त्यांच्याकडे शिरस्ता आहे. भीतीचे काम शिरस्त्यावर सोपवून माणसाला शांतपणे बसू देणे ह्यात मला शहाणपण दिसते. दुसरा कोणी म्हणेल, वाचणाऱ्याने का पडताळू नये? आमच्या खालच्या गावात एक म्हातारे कोळी होते. सारी खाडी त्यांना पाठ. पण होडी काठाशी आणताना बांबू पाण्यात घातल्यावाचून ते राहत नसत. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, "काल रेती काढली असंल, परवाचं पानी आज कुटं?" हा बांबू प्रत्येकाने बाळगावा, हे मला मान्य आहे.

परंतु बांबू सर्वांच्या हाती सारखा नसतो. ढगातल्या वैमानिकापाशी तो नाही. नऊ वर्षांच्या पोरापाशी नाही, आणि निरक्षर बापापाशी तर नाहीच. त्यांच्यापुढे आपला शब्द असतो, आणि त्याच्या पलीकडे काही नसते. म्हणून माझ्यापुरता मी एक हिशेब मांडला आहे. ज्याला आपला शब्द पडताळून पाहता येत नाही, त्याचे आपण अधिक देणे लागतो. आणि हे देणे साखळीतल्या प्रत्येकाचे पुरते असते, त्याचे टक्के होत नाहीत. भरपाई वाटून घ्या. पण चूक कळली की तोंडाने सांगणे हे ज्याला कळले त्याचे शंभर टक्के काम. आणि चूक ज्या फळ्यावर, जेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिली, दुरुस्तीही त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिली पाहिजे. खणातली दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे.

तो मुलगा आज तिशीत आहे. घोडबंदर रोडला रिक्षा चालवतो. त्याच्याशी मी ह्या विषयावर कधी बोललो नव्हतो. लाज वाटत होती, आणि तो विसरला असेल अशी आशाही होती. गेल्या जूनमध्ये तो मुलीच्या शाळाप्रवेशाची शेवटची तारीख विचारायला घरी आला. मी कागद पाहून तारीख सांगितली. तो उठला, दारापर्यंत गेला, आणि परत फिरून म्हणाला, "सर, राग मानू नका. तारीख पुन्हा एकदा बघता का?"

म्हणजे विसरला नव्हता. मी कागद पुन्हा काढला, चष्मा लावून वाचला, त्याच्या हातात देऊन त्यालाही वाचायला लावला. मग त्याला बसवले, आणि खणातल्या त्या चिटोऱ्याची सारी हकीगत, मुद्रितांसकट, त्याला सांगितली. वीस वर्षे उशीर झाला होता. त्याने ऐकून घेतले. काही बोलला नाही. जाताना चहा मात्र पुरता पिऊन गेला.